जुन्या सागाच्या पट्ट्या नव्या भिंतीवर : खिळे कोणते घ्यावेत आणि हत्यारे कोणती?

प्रश्न : दांडियाबाजारकर

नमस्कार. बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमचे वडिलोपार्जित घर गेल्या वर्षी उतरवले, तेव्हा माळ्याच्या कडीपाटातील कड्या विकून न टाकता मी ठेवून घेतल्या. लाकूड वलसाडी साग आहे. आजोबांच्या लहानपणीही त्याच कड्या डोक्यावर होत्या, एवढे घरात ऐकत आलो आहे. वखारीत ते चिरून आणि रंधून घेतले, तेव्हा वरचा धुराने काळा पडलेला थर निघून आत असे काही तेलकट, घट्ट लाकूड दिसले की वखारीतल्या मजुराने त्यातले दोन तुकडे माझ्याकडे विकत मागितले.

आता त्याच्या तीन प्रकारच्या पट्ट्या तयार आहेत. भिंतीच्या पायथ्याला बसवायची स्कर्टिंगची पट्टी १०० मिमी रुंद आणि १८ मिमी जाड आहे, दाराच्या चौकटीभोवतीची पट्टी ७० मिमी रुंद आणि २० मिमी जाड आहे, आणि दिवाणखान्याच्या एका भिंतीवर चौकोन करण्यासाठी ३० मिमी रुंद, १२ मिमी जाड अशी गोलाईची बारीक पट्टी आहे. सगळे मिळून सुमारे २४० फूट काम आहे. सदनिका मांजलपूरला, पहिल्या मजल्यावर आहे.

गेल्या रविवारी प्रयोग म्हणून स्कर्टिंगचा एक तुकडा दोन इंची साध्या खिळ्यांनी ठोकून पाहिला. पहिला खिळा लाकडात अर्धा शिरून वाकला, दुसराही वाकला. तिसरा पट्टीच्या टोकाजवळ ठोकला, तो शिरला खरा, पण पट्टी टोकापासून वीतभर उकलली आणि मागचा गिलावा बशीएवढा सुटून खाली आला. आमचे मिस्त्री म्हणतात, ‘पोलादी चुका (कडक खिळे) ठोकू, फुटेल तिथे पुट्टी भरू.’ परदेशी चित्रफितींत मात्र माणूस हवेच्या बंदुकीने टकटक करत अर्ध्या तासात खोली संपवतो, आणि कुठेही काही फुटत नाही. खिळे किती जाडीचे आणि किती लांबीचे घ्यावेत, बंदूक घेणे योग्य ठरेल का, आणि हाताने करायचे झाल्यास कोणती हत्यारे लागतील, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. लाकूड पुन्हा मिळणारे नाही, म्हणून विचारूनच पुढे जायचे ठरवले आहे.

उत्तर : कार्यशाळेतला जुना माणूस

पट्टी उकलली त्यात खिळ्याचा दोष थोडा आहे, विचाराच्या क्रमाचा जास्त आहे. खिळा कोणता हे ठरवण्याआधी तो शेवटी कशात जाऊन बसणार आहे हे पाहावे लागते. आपण पाहता त्या चित्रफितींतील घरांच्या भिंतीत साधारण दर सोळा इंचांवर एक उभा लाकडी खांब असतो आणि त्यावर जिप्समचा पातळ पत्रा लावलेला असतो. तिथला खिळा पट्टीतून, पत्र्यातून जाऊन त्या खांबात रुततो, म्हणजे लाकूड लाकडाला धरते. आपल्याकडे पट्टीच्या मागे दोन-तीन मिमी पुट्टी, त्यामागे बारा-पंधरा मिमी गिलावा आणि मग वीट असते. या पहिल्या दोन थरांत खिळा पकड घेतच नाही, तो फक्त त्यांना फोडतो. मिस्त्री सांगतात ती पोलादी चूक कणखर असते हे खरे. पण ती वाकत नाही म्हणूनच तिचा सगळा धक्का गिलाव्याला बसतो, आणि वेडीवाकडी बसली तर तिचा तुकडा उडतो. ती ठोकायचीच झाली तर डोळ्यांवर चष्मा हवा. मी स्वतः सागाच्या पट्टीसाठी ती वापरणार नाही.

आता पहिले काम असे करा की, जिथे पट्टी येणार आहे आणि जिथे भोक झाकले जाईल, अशा तीन-चार ठिकाणी ६ मिमीच्या बिटाने भोक पाडून येणारी भुकटी कागदावर धरा. सुरुवातीची राखाडी भुकटी गिलाव्याची असेल, ती सोडून द्या. नंतर लाल भुकटी आली तर भाजलेली वीट आहे. राखाडी भुकटी आली आणि बिट पुढे सरकेनासे झाले तर काँक्रीटचा खांब किंवा तुळई आहे. आणि बिट लोण्यात गेल्यासारखे आत जाऊन पांढरट, हलकी, पिठासारखी भुकटी आली तर ते एएसी ब्लॉक, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे आहेत, जे अलीकडच्या बांधकामात आतल्या भिंतींना सर्रास वापरतात. दाराच्या बाजूला भोक पाडताना विजेच्या बटणांच्या फळीच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत पाडू नका, कारण नळीतली तार बहुधा त्याच रेषेत गेलेली असते. हे मी सावधगिरी म्हणून लिहीत नाही. माझ्या हातून एकदा घरातला दिवा गेलेला आहे.

स्कर्टिंगला खिळा नको, स्क्रू आणि प्लग (भिंतीतल्या भोकात बसून स्क्रूला पकड देणारी नळी) घ्या. पट्टीला दर पावणेदोन-दोन फुटांवर आधी १० मिमी व्यासाची, ८ मिमी खोल खाच घ्यावी आणि तिच्या मध्यातून साडेचार मिमीचे भोक आरपार न्यावे. आठ नंबरचा अडीच इंची स्क्रू घेतला तर खाचेखाली उरलेले १० मिमी लाकूड, पुट्टी-गिलाव्याचे १५ मिमी आणि विटेतले ३५ ते ४० मिमी, असा त्याचा हिशेब बसतो. प्लग गिलाव्याच्या तोंडाशी राहता कामा नये, तो ठोकून विटेत उतरवावा, नाहीतर स्क्रू आवळताना गिलावा फुगून येतो. एएसी निघाल्यास ड्रिलचा ठोका बंद ठेवून नुसते फिरवून भोक पाडावे आणि प्लग लांब, नायलॉनचा घ्यावा. स्क्रूही त्या मानाने लांबवावा. वरची खाच त्याच सागाच्या बुचाने बंद करावी. बूच पट्टीच्या तुकड्यातूनच काढावे आणि बसवताना त्याच्या रेषा पट्टीच्या रेषांशी जुळवाव्यात. वर आलेला भाग तीक्ष्ण पटाशीने दोन फटक्यांत काढावा. एका फटक्यात काढायला गेलात तर बूच पृष्ठभागाच्या खाली तुटते.

चौकटीभोवतीच्या पट्टीला मात्र खिळा चालतो, कारण तिची आतली कड लाकडी चौकटीवर टेकते. (चौकट ग्रॅनाइटची असेल तर हा परिच्छेद सोडून द्या.) पट्टी वीस मिमीची आहे, म्हणजे दोन इंची खिळ्याचे तीस मिमी चौकटीत जातील, ते पुरेसे आहे. दुकानात खिळा इंच आणि गेज अशा दोन मापांनी मिळतो, आणि गेजचा आकडा वाढेल तसा खिळा बारीक होतो, हे नवख्या माणसाला उलटे वाटते. १४ गेज म्हणजे सुमारे २ मिमी, १६ गेज म्हणजे सुमारे १.६ मिमी. आपल्याला दोन इंची १६ गेजचा, लहान डोक्याचा खिळा हवा, जो पंचाने, म्हणजे खिळ्याचे डोके आत ढकलणाऱ्या लहान सळईने, आत बसवता येतो. मोठ्या चपट्या डोक्याचा खिळा घेतला तर तो लाकडात बुडत नाही, आणि बुडवला तर मोठी जखम करतो.

इतक्या जुन्या सागात भोक न पाडता खिळा ठोकू नये. भोक खिळ्याच्या जाडीच्या पंचाहत्तर ते नव्वद टक्के असावे. दीड मिमीच्या आतली बिटे हातात पटापट मोडतात, म्हणून आमच्याकडे जुनी युक्ती अशी होती की, त्याच जातीच्या एका खिळ्याचे डोके पकडीने छाटायचे आणि तोच ड्रिलच्या चकमध्ये धरायचा. तो लाकूड नीट कापत नाही, थोडे जाळतो, पण भोक बरोबर मापाचे पडते. दुसरी युक्ती म्हणजे खिळ्याचे टोक लोखंडावर टेकवून हातोडीच्या एका हलक्या ठोक्याने बोथट करणे. अणकुचीदार टोक पाचरीसारखे तंतूंच्या मध्ये घुसून त्यांना बाजूला सारते आणि लाकूड उकलते, तर बोथट टोक वाटेतले तंतू तोडत जाते. टोक साबणाच्या वडीवर फिरवून घेतले की खिळा वाकायचा थांबतो. पट्टीच्या टोकापासून निदान दीड-दोन इंच सोडून खिळा मारावा. शेवटचे तीन-चार मिमी उरले की हातोडी बाजूला ठेवून पंच घ्यावा आणि डोके पृष्ठभागाच्या दीड-दोन मिमी खाली न्यावे. हातोडीचा शेवटचा ठोका लाकडावर पडला तर सागावर अर्धचंद्र उमटतो, आणि पॉलिश केल्यावर तोच सर्वांत आधी दिसतो.

१८९० साली सुरू झालेल्या आपल्या कलाभवन या तांत्रिक शाळेच्या कार्यशाळेत माझे वडील शिकले. पंच न वापरता खिळा बसवणाऱ्या मुलाला ते पुढे घरीही ओरडत असत, म्हणजे मला.

हाताने करायचे असेल तर २०० ते २५० ग्रॅमची हलकी हातोडी, दोन मापांचे पंच, ठोक्याचे ड्रिल, पाणसळ, गुण्या, बारीक दात्यांची करवत आणि एक धारदार पटाशी, एवढे पुरते.

उत्तर : अलकापुरीतील अंतर्सजावटवाला

काकांच्या भिंतीविषयीच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु २४० फूट काम हाताने पंच मारत करावे हे व्यवसायात रोज काम करणाऱ्या माणसाला पटणार नाही. बंदुकीला नाव ठेवण्याआधी ती कशासाठी आहे हे समजून घ्यावे. बाजारात आपल्याला तीन जातींच्या बंदुका सहज मिळतात. एफ ३० या जातीत १८ गेजचा, म्हणजे जेमतेम सव्वा मिमीचा, जवळजवळ बिनडोक्याचा खिळा १० ते ३० मिमी लांबीपर्यंत जातो. एफ ५० मध्ये तोच खिळा ५० मिमीपर्यंत जातो. टी ५० ही त्याहून दणकट जात आहे आणि तिचा खिळा जवळपास १६ गेजच्या जाडीचा असतो. चौकटीच्या पट्टीसाठी बहुतेक लोक एफ ५० घेतात, आणि मेरांटी किंवा पाइनसारख्या मऊ लाकडात ती उत्तम चालते. आपल्या वर्णनावरून लाकूड फार घट्ट दिसते. तिथे ५० मिमी लांबीचा सव्वा मिमी खिळा मध्येच वाट सोडतो आणि कडेतून बाहेर डोकावतो, म्हणून टी ५० पाहावी. टाकाऊ तुकड्यावर दहा खिळे मारून पाहिल्याशिवाय मुख्य पट्टीला हात लावू नये. हवेचा दाब ४ बारपासून सुरू करून डोके बरोबर दीड मिमी बुडेपर्यंत थोडा थोडा वाढवत जावे, ७ बारच्या वर जाऊ नये. एक अश्वशक्तीचा, २४-२५ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर पुरतो. एका घरासाठी तो विकत घेऊ नये, भाड्याने आणावा.

बंदुकीच्या खिळ्याचे टोक सुईसारखे नसून पटाशीसारखे असते, त्यामुळे बंदूक कशी धरली आहे यावर खिळा कुठे वळेल हे ठरते. बंदूक पट्टीच्या लांबीला आडवी धरावी, म्हणजे टोक रेषांना छेदून जाते. लांबीच्या दिशेने धरली तर उकलण्याचा आणि कडेतून बाहेर येण्याचा धोका वाढतो. पट्टी दाबून धरणारा हात खिळ्याच्या लांबीपेक्षा दूर ठेवावा. आमच्याकडे एका मुलाने पट्टीची कड चिमटीत धरली होती. खिळा गाठीला लागून वळला आणि त्याच्या तर्जनीच्या नखातून आला. त्याने आवाज केला नाही. बोट पट्टीला जोडले गेले होते, ते पाहून तो तसाच उभा राहिला. तेव्हापासून आमच्या कामावर चष्मा आणि एक वितीचे अंतर हा नियम आहे.

स्कर्टिंगलाही बंदूक वापरायची असेल तर आणखी एक पद्धत आहे. भिंतीवर १२ मिमी जलरोधक प्लायची दोन इंच रुंद चीप (अरुंद पट्टी) स्क्रू-प्लगने पक्की करावी आणि सागाची पट्टी तिच्यावर ३० मिमी खिळ्यांनी मारावी. या पद्धतीत सागाला एकही मोठे भोक पडत नाही. अडचण अशी की पट्टी भिंतीपासून तीस मिमी बाहेर येते आणि वरून प्लायचे तोंड दिसते, म्हणून सागाला मागून खाच काढावी लागते. तुमची पट्टी अठराच मिमीची आहे, त्यात बारा मिमी खाच घेतल्यावर प्लायपुढचे लाकूड सहा मिमीचेच उरेल. मी असतो तर तुमच्या कामाला काकांचे स्क्रूच वापरले असते.

बारीक पट्टीचे चौकोन हा वेगळा विषय आहे. तिथे धरून ठेवण्याचे काम चिकटपदार्थ करतो, आणि खिळा फक्त तो सुकेपर्यंत पट्टीला जागेवर ठेवतो. परंतु रंगावर चिकटवलेली पट्टी रंगालाच चिकटते, आणि एक दिवस रंग व पुट्टीचा पापुद्रा घेऊन खाली येते. पट्टीची जागा पेन्सिलीने आखून, आखलेल्या रेघांच्या आत रंग आणि पुट्टी गिलाव्यापर्यंत खरवडून काढावी. सागाची मागची बाजू तेलकट असते, म्हणून तीही चिकटवण्याच्या आधी काचकागदाने घासून थिनरच्या फडक्याने पुसावी. ट्यूबमधला बांधकामाचा चिकटपदार्थ घ्यावा. पांढरा सरस लाकूड-लाकडासाठी आहे, गिलाव्यासाठी नाही.

उत्तर : विश्वामित्रीकाठची

वरील दोन्ही उत्तरांत पट्टी बसवण्याचा विचार आहे, काढण्याचा नाही. आमचे घर तळमजल्यावर आहे आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीचे पाणी घरात आले होते. बैठकीच्या खोलीत एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे) स्कर्टिंग होते, ते पाव रोटीसारखे फुगले आणि हाताने सोलून टाकावे लागले. आतल्या खोलीत सासऱ्यांनी लावलेले सागाचे होते. त्याला काहीही झाले नव्हते, पण ते खिळ्यांनी ठोकलेले असल्यामुळे मागचा चिखल धुण्यासाठी काढताना चारपैकी तीन पट्ट्या फुटल्या. प्रत्येक खिळ्याभोवती गंजाचा डागही पडला होता. ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने डाग बराचसा गेला, पट्ट्या मात्र गेल्या त्या गेल्या.

आपण पहिल्या मजल्यावर आहात, तरी फरशी रोज पुसली जाते आणि पाइपही कधीतरी गळतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. पितळी घ्यायचे असल्यास आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्यावी, नाहीतर पितळी स्क्रूचे डोके घट्ट सागात तुटते. पट्टी फरशीला टेकवू नये, खाली पत्त्याच्या तीन-चार पानांएवढी फट ठेवावी. बूच सरसाने न चिकटवता चपडी लाखेने बसवावे, म्हणजे पुढे पट्टी काढायची झाल्यास ते पटाशीच्या टोकाने उकरता येते. मागच्या बाजूलाही सीलरचा एक हात द्यावा. सर्वजण दिसणारी बाजूच रंगवतात, आणि मग एका बाजूने ओल घेणारी पट्टी वाकडी होते.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. काकांच्या सांगण्याप्रमाणे कागद धरून भोके पाडली. बाहेरच्या भिंतीत लाल भुकटी आली. आतल्या दोन्ही भिंतींत मात्र पांढरी, इतकी हलकी की पंख्याने ती उडून गेली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बिट अडले, तिथे खांब आहे. चौकटी सागाच्याच आहेत. स्कर्टिंगला स्टेनलेस स्क्रू आणि लाखेचे बूच, चौकटीला हाताने १६ गेजचे खिळे, आणि चौकोनांसाठी भाड्याची एफ ३० बंदूक व चिकटपदार्थ, असे ठरवले आहे. दोन शंका उरल्या आहेत. स्कर्टिंगचे आतले कोपरे ४५ अंशांत कापले असता वर मिळतात आणि खाली फट राहते, त्यावर काय करावे? आणि हे काम आत्ता उन्हाळ्यात करावे की पावसाळ्यानंतर?

कार्यशाळेतला जुना माणूस

आपल्या घरांचे कोपरे क्वचितच नेमके ९० अंशांचे असतात. गिलावा करणाऱ्याचा हात कोपऱ्यात जड होतो, म्हणून ४५ चा काप बाहेरच्या कोपऱ्यालाच ठेवावा. आतल्या कोपऱ्यात एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्यावी आणि दुसरीचे टोक पहिलीच्या घडणीप्रमाणे बारीक करवतीने कोरून तिच्यावर टेकवावे, मागून किंचित जास्त कापून. कोपरा वाकडा असला तरी हा सांधा पुढून मिळतो. वरची घडण साधी चौकोनी असेल तर कोरायचेही काही नाही, नुसती टक्कर द्यावी.

ऋतूचे म्हणाल तर साग कमी हलतो, पण हलतो. लाकडातील ओलावा चार टक्क्यांनी बदलला तर १०० मिमीची पट्टी रुंदीत अर्धा ते पाऊण मिलिमीटर कमी-जास्त होते. लांबीत जवळजवळ काही होत नाही. आपल्या पट्ट्या वखारीतून थेट आलेल्या आहेत, त्या त्याच खोलीत मध्ये काड्या घालून पंधरा दिवस आडव्या पडू द्या आणि मग खुशाल उन्हाळ्यात बसवा. पट्टीच्या रुंदीत मात्र एकाखाली एक असे दोन स्क्रू मारू नका. एकाच रांगेत मारा, म्हणजे तिला हलायला जागा राहते.

एक विचारायचे राहिले. चिरण्यापूर्वी कड्यांतले जुने खिळे काढले होते ना? नसल्यास भोक पाडण्याआधी प्रत्येक पट्टीवरून लोहचुंबक फिरवा.

दांडियाबाजारकर

फिरवले. जुन्या स्पीकरचे चुंबक दोरीला बांधून सर्व पट्ट्यांवरून नेले, तर एका चौकटीच्या पट्टीवर ते अडून राहिले. पटाशीने उकरले तेव्हा हाताने घडवलेला, चौकोनी काडीचा, टोक वळवलेला खिळा निघाला. वखारीतल्या पात्याने त्याची एक बाजू घासून चकचकीत केली होती. त्याच्याभोवती लाकूड निळसर काळे पडले आहे, पण उकललेले नाही. ती पट्टी दाराच्या मागच्या बाजूला लावायची असे ठरवले आहे. पुढच्या बाजूची पहिली पट्टी आज बसली. नऊ खिळे लागले, त्यातला एक वाकला, तो साबण लावायला विसरलो होतो.